धर्मकाट्यावरचं वाचन

बडकस चौकातल्या लायब्ररीत
नंदनवार बाई पुस्तक हातात देतानाच सांगतात,
"न्या, सगळे हेच नेऊन राहिले."
मी नेतो. मला काय,
कळमन्यात धर्मकाट्यावर बसायचं,
दोन ट्रकांच्या मधे वाचायचं.
नावं लक्षात राहत नाहीत. मुखपृष्ठं राहतात.

निळ्या पुस्तकातली बाई
दर वीस पानांनी खिडकीशी जाऊन उभी राहते.
चांगलं लिहिलंय, नाही म्हणत नाही,
एका ठिकाणी तर माझेही डोळे भरले,
पण नेमकी भिवापूरच्या मिरचीची गाडी लागली होती,
त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.
एवढं मात्र खटकलं,
तीनशे पानांत कुणाची दाढ दुखत नाही,
गॅस संपत नाही,
आणि नोकरी सोडल्यावर पैसे कुठून येतात
ते बाई सांगत नाही, लेखकही विचारत नाही.

मग तो जाडा इतिहास. नऊशे चाळीस पानं.
गंमत म्हणून काट्यावर नेऊन ठेवला,
काट्यानं दखल घेतली नाही,
त्याला दहा किलोच्या खालचं कळत नाही.
त्यातले सरदार बायकोशीसुद्धा
सभेत बोलल्यासारखे बोलतात.
एक घोडा तर एकेचाळीस पानं पळतो,
चारा नाही, पाणी नाही,
मी आपला पान उलटताना त्याच्यासाठी
कुठे डबकं दिसतं का बघत होतो.
घोडा जगला का, ते लिहिलेलंच नाही.
लढाई जिंकली म्हणे.

खुनाची मात्र एका दिवसात संपवली.
जेवणाच्या सुट्टीत डोमाजीला सांगितली
(डोमाजी हमाल, अठ्ठावीस वर्षं पाठीवर पोती),
की कसा तो कारकून प्रेत पोत्यात भरतो
आणि रात्री एकटाच तीन जिने चढून
गच्चीवरच्या टाकीपाशी नेतो.
डोमाजीनं खर्रा चावायचा थांबवला.
"वजन किती होतं त्याचं?"
लिहिलं नाही, म्हटलं. असेल सत्तर.
"मिरचीचं पोतं पाठीले धरते, भाऊ.
गव्हाचंही धरते.
माणूस नाही धरत. घसरते.
बापाले मेडिकलातून खाली आणला तवा
लिफ्ट बंद होती.
आमी तिघं होतो."
मग त्याला हाक आली, तो उठून गेला.
संध्याकाळी मी ते पान पुन्हा काढलं.
कारकून चढतच होता,
धापसुद्धा लागली नव्हती त्याला.

बाई विचारतात, "कशी वाटली?"
बरी, म्हणतो. टाइमपास.
आपण काय सांगणार,
आपली बारावी, तीही दोनदा दिलेली.

परवा एक पातळसं नेलं,
तेही सगळे नेऊन राहिले होते,
म्हणूनच मी इतके दिवस टाळलेलं.
त्यात एक रिटायर कंडक्टर
जुन्या तिकिटांचा हिशेब जुळवत बसतो.
अकरा रुपये चुकलेत,
कधीतरी, कुठल्यातरी फेरीला.
बस, एवढंच.
बायको चहा ठेवून जाते. चहा निवतो.
तो पुन्हा पहिल्या तिकिटापासून बेरीज करतो,
आणि मीही त्याच्याबरोबर करत गेलो,
ओठ हलवत, कूलरच्या घरघरीत,
हातचे दोन, हातचा एक.
कांद्याची गाडी रिकामी होऊन परत आली,
तिनं हॉर्न दिला,
मी नुसताच हात हलवला असणार,
कारण ती गेली.
भरल्या गाडीचं वजन वहीत,
रिकामीचं कुठेच नाही.
गुल्हाने साहेबांनी तीनशे कापले.
बरोबर आहे, मीही कापले असते.

"ही कशी वाटली?"
तीनशे रुपयांची, म्हटलं.
बाईंनी पुस्तक उलटं करून पाहिलं.
"अहो, छापील किंमत दोनशे साठ आहे."
मी काही बोललो नाही.
अजून डोमाजीला सांगायची आहे.
अकरा रुपयांवर तो काय म्हणतो,
बघू.