तीन नंबर

बेलायनेशबाईंची गाडी आमच्या पंचांगाने साठ सालची,
खडूसारखी पांढरी. एंटोटोच्या घाटात
थांबली ती थांबलीच.
इंजिन उतरवायला चार बोल्ट सोडावे लागतात,
उघडायला छाती.

तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मान मोडून
पिस्टनच्या माथ्यात रुतला होता.
नेहमी तीनच नंबर.
पंखा म्हणतो, वारा चौघांनाही सारखा,
पण ह्याच्या वाटेत ऑइल कूलर उभा.
इतरांना वारा, ह्याला उरलासुरला.
ठिणगीसुद्धा ह्याला चार अंश उशिरा देतात;
म्हणजे कारखान्यालाही ठाऊक होतं.
बाई म्हणाल्या, मग दोष कुणाचा?
मी म्हटलं, जागेचा.

मुलाने अटलांटाहून खोकं पाठवलं.
अठ्ठ्याऐंशीचे पिस्टन, तोंड दिसेल असे,
चढ्या नाकाचा कॅमशाफ्ट, चिंधीत गुंडाळलेले व्हॉल्व्ह,
आणि फोनवर उत्साह: आस्कालेच, काही कापायला नको,
जसेच्या तसे बसतात.
बसतात. मी बसवून पाहिले.
सिलिंडर बाहेरून तेवढाच,
आतून कोरून कोरून मोठा केलेला.
भिंत उरते नावाला.
तापला की गोल राहत नाही,
आणि गोल न राहिलेला सिलिंडर
तेल पीत बसतो, कुणाला सांगत नाही.
हे त्याला कसं समजवायचं,
तो अकरा वर्षं तिकडे.

मग मर्कातोत, शिफेरावकडे.
साडेपंच्याऐंशीचे तीन संच:
एक ब्राझीलचा, एक चिनी,
एक जर्मन, म्हणजे डबा जर्मन.
पान्याने हलकेच वाजवून पाहिले.
चिनी ठक्क करून गप्प.
डब्यातल्याला आतून गंजाचा वास.
ब्राझीलचा वाजला, आणि मी पाना खिशात ठेवला तरी
वाजतच होता.
शिफेरावने छताकडे बघत किंमत सांगितली.
मीही छताकडे बघितलं. तिथे काही नव्हतं.

पिस्टन तोलले कॉफीच्या तराजूत,
फरक मोजायला हिरवे दाणे.
एक आणि दोन जुळ्या भावांसारखे.
चार नंबर सहा दाणे जड.
तीन नंबर चाळीस.
रात्री कंदिलापाशी कानस घेऊन
आतल्या कडेची धातू खरवडत राहिले,
दाणा उचलायचा, पुन्हा तोलायचं,
दाणा उचलायचा.
वडील असते तर म्हणाले असते, पुरे.
ते लवकर पुरे म्हणायचे, त्यांची इंजिनं लवकर परत यायची.

क्रँकशाफ्ट जुनाच: पाव मिलिमीटर घासला,
बेअरिंग पाव मिलिमीटर जाड घेतलं.
कॅम साधा. बाईंना चढ चढायचाय,
शर्यत नाही.
खोकं बांधून ठेवताना चिंधी सुटली.
चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एकाच तुकड्यातून घडवलेले,
मानेपाशी जोड नाही.
ते घेतले.

गाडी तिसऱ्या हिसक्याला लागली.
बाईंनी अंगणात निखारे फुलवले, कॉफी ओतली,
पहिला प्याला, दुसरा,
तिसऱ्याला आमच्यात बेरेका म्हणतात, बरकतीचा;
तो पाणचटच असतो, पण उठून जायचं नसतं.
तेवढ्यात फोन.
लावलं ना सगळं?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
म्हणाल्या, लावलं रे. आत तुझंच आहे.

मी वाकले, तीन नंबरवरच्या पत्र्यावर तळवा ठेवला,
आणि मनात मोजायला लागले
किती वेळ ठेववतो.