कानस

कानस या हत्याराच्या नावात
कान आधीच बसलेला आहे,
हे सुकेर्ताला माहीत असण्याचं कारण नाही.
तो बालीचा. क्लुंगकुंगच्या बाजूला त्याची भट्टी.

काशाची पट्टी मांडीवर उपडी.
मधोमध घासली की स्वर उतरतो,
टोकाला घासली की चढतो.
उतरलेला पुन्हा चढवता येतो,
पण दर वेळी धातू जातो.
हे तो बोलत नाही, तळहातावर भुकटी घेऊन दाखवतो.

चाळीस वर्षं घण मारून
वरचे स्वर त्याच्या कानातून गेले.
म्हणून टोला देऊन तो थांबतो,
आणि स्वयंपाकघरातून, नारळ खवता खवता,
संद्री ओरडते : अजून.
पुन्हा कानस. पुन्हा टोला.
अजून.
मग नुसतीच खवणी चालू राहते,
म्हणजे झालं.

इथली वाद्यं जोडीनं घडतात.
एक किंचित खाली, दुसरं किंचित वर;
एकदम वाजली की मधली हवा थरथरते.
त्या थरथरीला लाट म्हणतात.
तंतोतंत जुळली तर लाट नाही,
नुसतं भांडं वाजतं.

देनपसारहून राका नावाचा पोरगा आला,
फोनवरचे आकडे दाखवत म्हणाला,
काका, या दोन पट्ट्यांत फरक आहे.
सुकेर्तानं फोन घेतला, उलटा करून पाहिला,
कुठे घासावा म्हणून.

मी आपला माझ्या भाषेतून आलेलो,
जिथे सूर जुळतात ते लग्नात आणि युतीत,
फलंदाजालाही सूर सापडतो, हरवतो,
आणि नाराजीचा असला तरी त्याला सूरच म्हणतात.
वाटलं, सापडली कविता.
संद्रीला विचारलं,
तुमचंही असंच का? एक खाली, एक वर?
ती हसली नाही.
म्हणाली, आमचं काय. हा घोरतो.
मी पलीकडच्या खोलीत झोपते.

दुपारी त्यानं दोन्ही पट्ट्या
बांबूच्या नळ्यांवर टांगल्या,
एकदम टोला दिला
आणि नळीच्या तोंडावर तळहात धरला,
ऐकू येत नाही ते मोजायला.
खवणी केव्हाच थांबलेली.
तो तसाच, हात धरून, मान दाराकडे.
अजून, असं आलं नाही.
झालं, असंही नाही.

संद्री कुंपणापाशी शेजारणीशी बोलत होती, मोठ्यानं,
आणि आत
भात लागल्याचा वास.