डोमाजीमामाचा प्रश्न

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत उलटंच चालतं.
बाहेर सेहेचाळीस,
आणि इन्क्युबेटरला राहायचं असतं सदतीसवर,
म्हणून त्याच्याशेजारी कूलर लावून बसते.
वाळ्याच्या वासात
काच अंगाची ऊब शिकते.

काच म्हणजे चिमूटभर पांढरी भुकटी.
सिलिका, कॅल्शियम, थोडं फॉस्फेट,
आणि काही कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम,
तेच, जे दिवाळीच्या दारूला लाल करतं.
इथे ते गप्प असतं.
कणांच्या छिद्राछिद्रांत भरलंय व्हॅन्कोमायसिन:
पहिल्या दिवशी घाईघाईने बाहेर पडतं,
मग मोजूनमापून,
महिनाअखेरच्या पैशासारखं.

गोळीबार चौकाजवळ, खड्डामागावर
मामाने एकेचाळीस वर्षं पावड्या दाबल्या.
मग कामठी रोड, एक ट्रॅक्टर,
नडगीचे दोन तुकडे, मेडिकलमध्ये सळई,
आणि एक भोक,
जे तीन वर्षं वाहतंय.

पट्टी बदलताना सांगितलं, मी काय करते ते.
"हाडात काच?" मामा हसला.
"पायात काच गेली का आम्ही सुईनं काढत होतो, पोरी."

मग त्याच्या भाषेत सांगून पाहिलं.
हे कण म्हणजे ताणा.
पेशी येतात, त्यात आपलं सूत घालतात.
"म्हंजे ताणा तुहा, बाणा माहा."
हो.
"अन् ताणा मंग जाते कुठं?"
विरघळतो.
मामा बराच वेळ पट्टीकडे पाहत राहिला.
"ताणा गेला तं कापड राह्यते कशावर, बाई?"

उत्तर येत होतं मला.
आयन, सामू, अ‍ॅपेटाइटचा थर.
तोंडात आलं, आणि तिथेच राहिलं.

सातव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली
गुळगुळीत कणांवर बारीक फुलगोबी उगवलेली.
हाडासारखं काहीतरी,
पण प्लास्टिकच्या डबीत, खारट पाण्यात.
पुढे ससे, पुढे परवानग्या,
पुढे माणसं, आणि त्या यादीत
मामाचं वय बसतं की नाही
कोण जाणे.

काल रात्री वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला, थांबला.
दुसरी डबी एकोणिसाव्या दिवसावर होती.
ती ओढणीत गुंडाळून
पोटाशी धरून बसले अंधारात,
वॉचमन बोपचे डिझेल घेऊन येईपर्यंत.

सदतीसच असतो की
माणूसही.