रिकामा रकाना

कोपरखैरणे, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा,
महिन्याचा तिसरा शनिवार.
आम्ही अकरा जण, चार एक्स्टेन्शन बोर्ड,
आणि बिपिन म्हात्रेचा प्रोजेक्टर,
जो भिंतीवर सगळंच थोडं हिरवट दाखवतो.

आज तेजल शेलारची पाळी.
तिनं वडिलांच्या डायऱ्या टाइप करून आणल्यात:
कांदा-बटाटा मार्केट, एकोणीस वर्षं,
रोज पाठीवर किती गोणी.

पायथन मुकाट वाचून घेतो.
आलेख चढतो,
दिवाळीनंतर दरसाल फुगतो,
मग चाळिशीपाशी
हळूहळू वाकत जातो.
पंख्याचा तेवढा आवाज.

सफवान घसा खाकरतो.
मधे तेवीस रकाने रिकामे आहेत, सरासरी भरून टाक.
मी म्हणतो, नको, आजूबाजूच्या दिवसांवरून काढू,
एका ओळीचं काम.

तेजल फोन लावते, स्पीकरवर.
"अण्णा, दोन हजार सहा, चौदा ऑगस्ट.
काहीच नाही लिहिलेलं."
पलीकडे कुकरची शिट्टी.
"रविवार असंल."
सोमवार होता. बिपिननं एव्हाना तपासलंय.
"मग बसलो असंल खाडीवर."
जरा थांबून,
"समदं लिवायचं असतं व्हय?"

कर्सर त्या चौकटीत
लुकलुकतो, लुकलुकतो.
मी माझी ओळ
शेवटाकडून एकेक अक्षर पुसतो.

खालून चहा येतो.
अकरा सांगितले होते, बारा आलेत.
कुणीच
पुन्हा मोजत नाही.