गाडीची जागा

अंगणात सिमेंट मीच ओतलं होतं,
गेल्या फेब्रुवारीत, सतरा पोती,
माझ्या जुन्या निस्सानला सावलीत उभं राहता यावं म्हणून.
खाली काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं.
मी मोंतेरेचा. आमच्याकडे मांस जाळावर भाजतात,
उघड्यावर, सगळ्यांच्या देखत.

शनिवारी कामावरून आलो
तर गाडीच्या जागी खड्डा.
सासूबाई, दोन्या एलिखिया,
हिपिलचा घोळ कमरेत खोचून,
शेजारच्या विल्बेर्तची पहार घेऊन,
ऑइलच्या डागाच्या बरोबर मधोमध.
"गाडी रस्त्यावर झोपेल," म्हणाल्या,
"डुक्कर नाही झोपणार."

मी हूं की चूं केलं नाही.

सिमेंटखाली वीतभर माती,
मातीखाली चुनखडी,
चुनखडीत आधीच कोरलेला खळगा.
कडा काजळलेल्या, गुळगुळीत.
पीब. सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी खणलेला.
फौस्तो त्यांचं नाव. मी त्यांना फक्त भिंतीवर पाहिलंय.

मग मलाच कामाला जुंपलं.
कुठला दगड तापतो, कुठला तडकून डोळ्यात उडतो
ते दगड वाजवून ओळखायचं.
आत बायको शेंदरीचे दाणे वाटत होती,
लसूण, मिरी, आंबट संत्र्यांचा रस.
तिची नखं बुधवारपर्यंत लाल राहिली.
केळीचं पान जाळावरून फिरवलं
की आधी कुरकुरतं, मग तकाकतं,
मग हट्ट सोडतं. त्यात मांस गुंडाळून
भांडं खाली, पत्रा वर, पत्र्यावर माती.
जिथून वाफ निसटे तिथे सासूबाई बोट दाखवत
आणि मी चिखल थापत असे.

नंतर करायला काहीच नाही.
हेच मला जमेना.
आमच्याकडे मांसाला उलटतात, पालटतात, त्याच्याशी भांडतात.
इथे पुरलं की पुरलं.
उघडून बघायचं नाही.

रात्री दोनला जाग आली. अनवाणी बाहेर गेलो,
मातीवर तळहात ठेवला. ऊब होती,
आजारी मुलाच्या कपाळाइतकी.
बाजूचं माझं सिमेंटही तापलेलं.
मग दिसलं, पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलंय,
तेही हात टेकवून.
"ते पण दोनलाच उठायचे," एवढंच.
आम्ही हात काढले नाहीत बराच वेळ.

सकाळी पान उलगडलं
तर सुरीची गरजच नव्हती.
गुलाबी कांदा, हाबानेरो, गरम तोर्तिया.
विल्बेर्त पहार न्यायला आला आणि सहा खाऊन गेला,
पहार तशीच विसरून.
सासूबाईंनी एक घास घेतला, चावला, बराच चावला.
"मीठ कमी," म्हणाल्या,
आणि दुसरा घेतला.

सोमवारी खळग्याचं माप घेऊन लोहाराकडे गेलो,
झाकण करायला सांगितलं, दोन कड्यांचं, उचलता येईल असं.
गाडी आता गल्लीत असते.
गल्ली अरुंद आहे.
डावा आरसा एकदा फुटलाय.