पहिल्या दहा मोजायच्या नाहीत

कुह्मोतली आमची शेड अशी,
की नेमबाज आत, स्टोव्हच्या उबेला,
आणि टार्गेटं बाहेर, पन्नास मीटरवर, बर्फात.
मधे एक खिडकी, उघड्या वहीएवढी.
मंगळवारी आणि गुरुवारी तिच्यातून थंडी आत येते
आणि शिसं बाहेर जातं.

वेइयोने एकतीस वर्षं इथल्या रायफली पुसल्या.
पॉइंट टू-टूच्या, छोट्या गोळीच्या,
ज्यांच्या काडतुसात पेट घेणारा मसाला
बुडाच्या काठात दडलेला असतो,
मुरड घालताना सारण अडकावं तसा.

दांडी मागून घालायची, पुढून नाही.
तोंडाशी नळीला ओरखडा गेला
तर निघता निघता गोळीला धक्का बसतो,
उंबऱ्यात असताना मागून हाक यावी तसा.
फेल्टचा बोळा एकदाच, एकाच दिशेने.
चेंबरच्या पुढे काजळीचं कडं धरतं,
तिथे ब्रश दोनदा.
"तिसऱ्यांदा कशाला?" तो म्हणायचा,
"भांडी घासतेयस का?"
मी मान हलवायचे.
नळी फुंकली सोनारे.

ऑक्टोबरात त्याचे हात कापायला लागले.
नोव्हेंबरात काजानीच्या हॉस्पिटलात गेला
तो तिकडचाच झाला.
शेडची किल्ली माझ्याकडे आली,
बायको म्हणून नव्हे, खजिनदार म्हणून,
तसा ठरावही झाला, दोन सह्यांनिशी.
सोबत एक खोका: दांडी, चिंध्या,
तेलाची बाटली, तिच्यावर
अंगठ्याएवढा स्वच्छ गोल.

मग मी पुसत सुटले.
दर गुरुवारी, सगळे गेल्यावर,
सहाच्या सहा.
चिंधी काळी निघायची, मग राखाडी, मग पांढरी.
पांढरी निघाल्यावर आणखी एक घालायचे.
स्टोव्ह विझत आलेला असायचा.
घरी जायची तशी घाई नव्हती.

जानेवारीत एतू म्हणाला,
सोळा वर्षांचा, थंडीने कान लाल,
"हिल्का, चार नंबर बिघडलीय."
पाचशे अठ्ठ्याऐंशीचे त्याचे गुण
पाचशे एकाहत्तरवर आले होते.
मी नळीत बॅटरी धरून पाहिलं. आरसा.
म्हटलं, बिघडेल कशी, इतकी स्वच्छ आहे.
त्याने खांदे उडवले. या वयात
पुरावा द्यायचा कंटाळा असतो.

वही खोक्याच्या तळाशी होती, चिंध्यांखाली.
दर रायफलीला एक पान, पेन्सिलीने.
एक नंबर, तीनशे गोळ्यांनी.
दोन, पाचशेनंतर, तेही नुसती चिंधी.
पाच हट्टी आहे, दमट हवेत रुसते.
चारच्या पानावर शेवटची नोंद
दोन वर्षांपूर्वीची:
"छान लागतेय. हात लावायचा नाही."
आणि खाली, वाकड्या झालेल्या अक्षरात,
म्हणजे ऑक्टोबरातलीच असणार,
"लावलाच, तर पहिल्या दहा मोजायच्या नाहीत."

नळीला थर बसतो. मेणाचा, शिशाचा,
पातळ, बोटाला न कळणारा.
प्रत्येक गोळी
आधीच्या गोळीने ठेवलेल्यावरून जाते.
ते मी दर आठवड्याला उपसून काढत होते
आणि मंगळवारी ते पोर
पुन्हा पहिलीपासून सुरुवात करत होतं,
तरी गप्प राहिलं इतके दिवस.

या गुरुवारी मी चारला बाहेरूनच तेलाचं बोट लावलं,
घामाचे डाग गंजू नयेत इतपत,
आणि खोका बंद केला.

मंगळवारी एतूने कोऱ्या कागदावर दहा झाडल्या.
मोजायच्या नव्हत्या, मी मोजल्या.
सातवी फारच डावीकडे गेली.
मग त्याने खरं टार्गेट लावलं,
गाल दस्त्याला टेकवला, श्वास सोडला.

अकरावीच्या वेळी मी खिडकीकडे पाहिलं नाही.
स्टोव्हमध्ये लाकूड घालत होते,
ओलं होतं, धरत नव्हतं.