नववा भाग

भोसरीच्या कारखान्यात मी तपासनीस आहे.
हातात एक गेज असतं.
त्याचं एक टोक भोकात जायला हवं,
दुसरं जायला नको.
दोन्ही गेली की नग लाल पेटीत.
एवढंच काम, बावीस वर्षं.

डाय झिजते, हे आम्हाला ठाऊक असतं.
पहिले काही हजार नग आरशासारखे,
मग कडेला बारीक कुसळ येतं,
कुसळाची मिशी होते,
आणि मालक म्हणतो, अजून एक लॉट काढा,
ऑर्डर आहे.

पहिला भाग कॅम्पातल्या एका टॉकीजमध्ये पाहिला,
तिथे आता फर्निचरचं दुकान आहे.
मी आणि यशोधन गोवंडे, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष,
दोघांत एक सायकल,
खिशात पंक्चरपुरतेही पैसे नाहीत.
पडद्यावर ती एकटी,
गुरूच्या पलीकडच्या दीपगृहाची राखणदार,
अकरा वर्षं दिवा पुसत आलेली.
शेवटी तिला एक दार सापडतं, नकाशात नसलेलं.
ती हात ओव्हरऑलला पुसते,
दार ढकलते,
आणि अंधार.
थेटरातले दिवे लागले तरी कुणी उठेना.
मागून एक जण ओरडला, "पुढे काय?"
आणि अख्खं थेटर हसलं,
कारण प्रत्येकाच्या ओठावर तेच होतं.

लकडी पुलावर सायकल टेकवून आम्ही दोन वाजेपर्यंत भांडलो.
तो म्हणाला, दाराआड दुसरं दीपगृह, तिथे दुसरी ती.
मी म्हणालो, काही नाही रे, नुसतं बाहेर.
पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्या दारातच राहिलो.
त्याच्या लग्नात, अक्षता हातात घेऊन.
माझ्या वडिलांच्या दहाव्याला, ओंकारेश्वराच्या घाटावर,
कावळा शिवेना तेव्हा, हलक्या आवाजात:
पण दुसरी ती असेल, तर इकडचा दिवा कोण पुसतं?

मग कंपनी विकली गेली.
नव्या मालकांना शोध लागला
की आपल्याकडे एक दार आहे.
दुसऱ्या भागात ते उघडलं.
तिसऱ्यात ते कुणी बसवलं ते कळलं.
चौथ्यात बसवणाऱ्याचा भाऊ, तो वाईट निघाला.
मी गमतीत म्हणालो, आता फडक्यावर काढतील.
दिवाळीत जाहिरात आली:
फडकं, आठ भागांची मालिका.

यशोधनने पाचव्यानंतर सोडलं.
"पाहुणे वाढले म्हणून आमटीत किती पाणी घालतील?
हिंगाचा वाससुद्धा येत नाही आता."
मी मात्र जातो.
दात पडल्यावर जीभ जाते, तसा.

काल नववा. हिंजवडीकडचा मॉल, तिसरा मजला,
तिकिटात आमचा तेव्हाचा महिना निघाला असता.
शेजारी एक मुलगा, टी-शर्टवर दार छापलेलं,
मध्यंतराआधीच झोपला.
पडद्यावर अकरा दारं होती.
सगळी उघडी.
मी मनातल्या मनात गेज काढलं.
दोन्ही टोकं गेली.

मध्यंतरात उठलो.
कॉरिडॉरच्या टोकाला एक राखाडी दार,
वर बारीक हिरवा दिवा,
पाटी नाही, कुलूप नाही.
किती वर्षांनी पोटात तसं हललं.
मी हात पँटला पुसले.

वॉचमन, छातीवर नाव सोपान गायधनी,
खुर्चीतूनच म्हणाला, "साहेब, पार्किंग तिकडून."
"मग इथे काय आहे?"
"इथे ना, इथे..."
"नको," मी म्हणालो. "राहू द्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग वळून दाराकडे,
चार वर्षांत
पहिल्यांदाच पाहावं तसं.